नामसादृश्य आणि अनुज्ञा
वेब-अनुप्रयोगांसाठीच्या कोडइग्नायटर या पीएचपी चौकटीतील जुनी स्वयंमार्गयोजना ‘बुक्स/डिलीट/५’ या पत्त्याचा अन्वय पुढीलप्रमाणे लावते : ‘बुक्स’ हा कंट्रोलर, ‘डिलीट’ ही त्यातील मेथड आणि ५ हे तिला द्यावयाचे मूल्य. मार्गांची यादी लिहिण्याचे श्रम वाचतात, हा तिचा गुण होय. परंतु मेथड सार्वजनिक आहे एवढ्यावरून ती आगंतुकासही खुली मानावी, हे गृहीतकृत्य सदोष आहे. मेथडने स्वतः तपासणी केली नसेल, तर केवळ पत्ता उघडताच नोंद नष्ट होऊ शकते. २०२२ मधील ४.२ आवृत्तीने ही योजना मूळ मांडणीत बंद ठेवली. सुधारित योजनेत मेथडच्या नावारंभी ‘गेट’, ‘पोस्ट’ असा विनंतीचा प्रकार लिहावा लागतो. त्याने विनंतीचा प्रकार निश्चित होतो, विनंती करणाऱ्याचा अधिकार नव्हे. म्हणूनच नामसादृश्याला अनुज्ञेचे स्थान देता येणार नाही.