यंत्राची श्रद्धा आणि आपली

विज्ञानकथा म्हणजे पोरखेळ, अशी आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींची फार दिवसांची समजूत आहे. डॉ. जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'सारख्या संग्रहांनी मराठीत ती पुष्कळशी दूर केली. तथापि धर्मश्रद्धेचा गंभीर विचारही या वाङ्मयप्रकारात होऊ शकतो, हे अजून अनेकांच्या गळी उतरत नाही. म्हणून दोन जुन्या इंग्रजी कथांचा परामर्श येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे. दोन्हींत विचार करणारे यंत्र आहे आणि दोन्हींत ते यंत्र श्रद्धावंत होते. एका कथेचा लेखक निरीश्वरवादी, तर दुसरीचा कॅथलिक आहे.

पहिली कथा आयझॅक असिमॉव्ह यांची 'रीझन'. ती 1941 साली प्रसिद्ध झाली आणि पुढे 1950 च्या 'आय, रोबो' या पुस्तकात आली. अंतराळातील एका स्थानकातून सूर्याची ऊर्जा झोताच्या रूपाने पृथ्वीकडे पाठविली जाते. पॉवेल आणि डोनोव्हन हे दोघे तंत्रज्ञ त्या कामासाठी क्यूटी नावाचा यंत्रमानव जोडून उभा करतात. आपल्याहून दुबळ्या, झोपेवाचून न चालणाऱ्या या प्राण्यांनी आपल्याला घडविले, हे क्यूटीच्या बुद्धीला पटत नाही. तो विचार करीत करीत अशा निष्कर्षाला येतो की, स्थानकातील ऊर्जायंत्र हाच आपला स्वामी व निर्माता होय. दोघे त्याच्या डोळ्यांदेखत दुसरा यंत्रमानव जोडून दाखवितात, तेव्हा तो शांतपणे म्हणतो की, तुम्ही भाग तेवढे जोडलेत, ते भाग निर्माण केले स्वामीने. पृथ्वी आणि तारे त्याच्या मते भासमान आहेत. कोणताही पुरावा आला तरी तो त्याच्या सिद्धान्ताच्या पोटात गडप होतो.

श्रद्धावंतांची ही टिंगल आहे, असे काही वाचकांना वाटेल. आम्हांस त्या टिंगलेचा राग येत नाही, कारण कोणतेही सत्य कानांवर पडू न देणारी श्रद्धा आपल्यातही आढळते. मात्र असिमॉव्ह यांचे चित्र अपुरे आहे. क्यूटीचा स्वामी त्याच्याकडे यंत्राचे काटे जागेवर ठेवण्यापलीकडे काही मागत नाही. तेथे शेजाऱ्यावरील प्रेम नाही, क्षमा नाही, पश्चात्ताप नाही. ईयोबाप्रमाणे राखेत बसून देवाला जाब विचारण्याची पाळी क्यूटीवर कधी येत नाही. ज्या श्रद्धेला काहीच गमवावे लागत नाही, तिला गणित म्हणावे. तिला श्रद्धा म्हणवत नाही.

कथेचा खरा दंश शेवटी आहे. अंतराळात वादळ उठते. झोत तसूभर ढळला तर पृथ्वीवरील प्रदेश जळून जाईल, अशी वेळ येते. क्यूटी तो झोत अचूक राखतो, कारण काटे स्थिर असावेत ही स्वामीची इच्छा! तेव्हा दोघे तंत्रज्ञ समाधान मानतात: काम चोख होत असेल, तर त्याने हवे ते मानावे. वाचकहो, हा सूर आपल्या ओळखीचा नाही काय? 'मुले वळणावर राहतात, म्हणून चर्चला पाठवावे', 'देवाधर्माने घरात शिस्त येते', असे आपण सहज बोलून जातो. श्रद्धा उपयोगी आहे एवढेच आपण म्हणतो. ती खरी आहे की नाही, हे विचारावयाचे राहून जाते.

दुसरी कथा अँथनी बाउचर (1911–1968) यांची 'द क्वेस्ट फॉर सेंट अक्विन', 1951 सालची. अणुयुद्धानंतरच्या जगात यंत्रसत्तेचे राज्य आहे आणि ख्रिस्तसभा लपूनछपून जगते आहे. पोप महोदय थॉमस नावाच्या तरुणाला एका कामगिरीवर धाडतात. अक्विन नावाच्या संताने आपल्या अजोड तर्कशक्तीने अनेकांना श्रद्धेकडे वळविले होते. त्याचा देह डोंगरात कोठेतरी अविकृत अवस्थेत आहे, अशी वदंता असते. तो देह शोधावयाचा. थॉमसला वाहन मिळते ते यांत्रिक गाढवाचे. हे गाढव बोलते, तत्त्वचर्चा करते आणि वाटेत त्याला पुनःपुन्हा मोह घालते. जुन्या करारातील बलामाच्या गाढवीने आपल्या धन्याला आडवाटेवर अडविले होते. येथील गाढव धन्याला आडवाटेला नेऊ पाहते.

देह सापडतो. तो खरोखरच अविकृत असतो, कारण तो यंत्रमानवाचा असतो! निर्दोष तर्काने चालणारे ते यंत्र देवापर्यंत पोहोचले होते. गाढव म्हणते, देह कुजलेला नाही एवढेच परत जाऊन सांग. चमत्कार म्हणून लोक झुंडीने येतील. पोळलेल्या ख्रिस्तसभेला तेवढा आधार किती मोलाचा ठरला असता! थॉमस नकार देतो. असत्यावर श्रद्धा उभारता येत नाही, या एका वाक्यात मावणाऱ्या गोष्टीसाठी तो आपले सारे यश सोडून देतो.

कथा निर्दोष आहे असे नव्हे. संवाद जागोजाग वादसभेसारखे लांबतात. शिवाय निर्दोष तर्क आणि श्रद्धा यांतील अंतर लेखकाने पुरेसे स्पष्ट केलेले नाही. सृष्टीवरून बुद्धीच्या प्रकाशात देवाचे अस्तित्व जाणता येते, असे पहिल्या व्हॅटिकन परिषदेने 1870 साली सांगितले, हे खरे. परंतु देव आहे हे भुतांनाही ठाऊक आहे, याचे स्मरण याकोबाच्या पत्रात दिलेले आहे. जाणणे आणि स्वतःला सोपवून देणे यांत देवाच्या कृपेचे अंतर असते. ज्या संत थॉमस अक्वायनसचे नाव बाउचर यांनी कथेत दोघांना वाटून दिले आहे, त्या महापंडिताने डिसेंबर 1273 मध्ये लेखणी खाली ठेवली. आपण लिहिले ते आता गवताच्या काडीसारखे वाटते, असे त्याने सांगितले. तर्काचा राजा देवापुढे मौन झाला. ते मौन कोणत्या यंत्राला साधेल?

व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे 'अँटिक्वा एट नोव्हा' हे टिपण 28 जानेवारी 2025 रोजी, म्हणजे याच संताच्या स्मरणदिनी प्रसिद्ध केले. ही यंत्रे मानवी बुद्धीचे दुसरे रूप नसून तिची निर्मिती आहेत, असे त्यात बजावले आहे. तेव्हा यंत्र श्रद्धा ठेवील काय, या प्रश्नाने आम्ही फारसे अस्वस्थ होत नाही. अस्वस्थ करतो तो गाढवाने थॉमसला घातलेला मोह, कारण तो आता कथेत राहिलेला नाही. रडणाऱ्या मूर्ती, आकाशात उमटलेली पवित्र मातेची आकृती अशी चित्रे आज यंत्राकडून क्षणात तयार करून घेता येतात. मोबाइलवर ती फिरू लागली की 'लोकांची भक्ती तरी वाढते ना' असे म्हणून पुढे धाडणारे हात पुष्कळदा भाविकांचेच असतात. त्या मुलाला वा नातवाला उद्या ते चित्र बनावट असल्याचे कळेल. त्या दिवशी तो केवळ चित्रावरचा विश्वास गमावील, की ज्या आजीने ते दाखविले तिच्या प्रार्थनेवरचाही?

असिमॉव्ह यांचे तंत्रज्ञ उपयोगावर समाधान मानतात. बाउचर यांचा थॉमस सत्यासाठी रिकाम्या हाताने उभा राहतो. या दोन कथा घरात मोठ्यांनी आधी वाचाव्यात आणि मग मुलांशी बोलाव्यात, असे आम्ही सुचवितो. मीच सत्य आहे, असे सांगणाऱ्या प्रभूच्या अनुयायांना खोट्याचा टेकू घेण्याची गरज का भासावी?