कर्ता नसलेली वाक्ये

प्राथमिक शाळेतल्या इतिहासाच्या धड्याकडे आपल्या समीक्षेने फारसे पाहिलेले नाही. कविता, कादंबरी, आत्मकथन यांची चिकित्सा आपण हिरिरीने करतो. पण खेड्यापाड्यांतल्या लक्षावधी मुलांच्या कानावर 'संस्कृती' हा शब्द पहिल्यांदा ज्या गद्यातून पडतो, ते गद्य तपासावे असे आपल्याला वाटत नाही. मी शिक्षक आहे. पाचवीच्या वर्गाला मी एक आठवडा प्राचीन संस्कृती शिकवल्या. त्या आठवड्यात जे ध्यानात आले ते मांडणे, एवढाच या टिपणाचा हेतू. त्यात माझ्या स्वतःच्या वर्तनाचीही झाडाझडती आहे.

आमची शाळा अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. वर्गात ऊसतोड कामगारांची, हमालांची, शेतमजुरांची आणि नगरपालिकेच्या सफाई कामगारांची मुले आहेत. सोमवारी मी फळ्यावर लिहिले, 'इजिप्तमध्ये भव्य पिरॅमिड बांधण्यात आले.' मंगळवारी लिहिले, 'मेसोपोटेमियात लेखनकला विकसित झाली.' बुधवारी लिहिले, 'मोहेंजोदडो येथे सांडपाण्याची उत्तम व्यवस्था होती.' तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत आणि तिन्ही वाक्यांत माणूस नाही. व्याकरणाच्या तासाला 'वाक्यातला कर्ता ओळखा' म्हणून मुलांच्या मागे लागणारा मास्तर इतिहासाच्या तासाला कर्ता नसलेली वाक्ये फळाभर लिहितो, आणि यात काही विसंगती आहे असे त्याला वाटत नाही.

बुधवारी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, ती गटारं उपसायचं कोण?"

वर्ग हसला. का हसला, हे या देशातल्या शाळेत ज्यांनी आपले बालपण काढले त्यांना सांगायला नको. त्याचा बाप नगरपालिकेत कोणते काम करतो, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होते. मी म्हणालो, "ते परीक्षेला नाही." आणि पुढे गेलो.

माझा आजा गावकीत मेलेली ढोरे ओढत होता. मी स्वतः जयंतीला फुले-आंबेडकरांवर भाषणे देतो. आणि दहा वर्षांच्या एका पोराने इतिहासाला विचारावा तो नेमका प्रश्न विचारला, तेव्हा मी त्याला प्रस्थापितांचे उत्तर दिले. धडा बदलला पाहिजे असे आपण नेहमी म्हणतो. पण धडा आपल्याही जिभेवर किती घट्ट बसलेला आहे, हे मला त्या दिवशी कळले.

घरी येऊन पुस्तके काढली. मोहेंजोदडोचे उत्खनन करणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांनी एक साधी नोंद करून ठेवली आहे. तिथली गटारे सुट्या विटांनी झाकलेली होती, म्हणजे साफ करताना विटा उचलता येत. लांब गटारांत मध्ये मध्ये गाळ साचण्यासाठी खड्डे होते. आणि गटारांच्या कडेला ठिकठिकाणी बहुतेक वाळूचे लहान लहान ढीग मिळाले. गटार उपसल्यावर काढलेला गाळ दर वेळी वाहून नेला जात नसे, असा त्याचा अर्थ मॅके यांनी लावला. म्हणजे मुलाच्या प्रश्नाला पुरावा होता! सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी विटा उचलल्या, आतला गाळ काढला आणि काठावर टाकला. हडप्पा संस्कृतीची लिपी अजून कुणालाही खात्रीने वाचता आलेली नाही. पण हा गाळ काठावर कुणीतरी टाकला आहे, हे कळायला लिपी लागत नाही.

गुरुवारी मी वर्गाची माफी मागितली आणि हे सारे सांगितले. इथे आपल्या चळवळीतल्या मित्रांशी मला थोडे बोलायचे आहे. या प्रश्नासमोर आपल्याला दोन मोह होतात. पहिला मोह गौरवाचा. ती थोर नगरे आमच्याच पूर्वजांची, असे सांगून टाळ्या घ्याव्यात. दुसरा मोह वेदनेचा. तेव्हाही आम्हीच गटारात होतो, असे सांगून टाकावे. दोन्हींना पुरावा नाही. गाळ काढणारा कोण होता, त्याला मोबदला मिळत होता की नाही, ते काम जन्माने ठरत होते की पाळीने, यातले काहीही ते ढीग सांगत नाहीत. अस्पृश्यता ही अनादी नाही, तिला जन्मकाळ आहे, असे बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडले आणि तो काळ इसवी सनाच्या सुमारे ४०० च्या आसपास ठरवला. त्या मांडणीवर वाद होऊ शकतो. पण जी गोष्ट केव्हातरी सुरू झाली ती संपवताही येते, हा तिच्यातला आशय आपण घालवून बसू नये. मोहेंजोदडोच्या गटारात आपली जात नेऊन बसवणारा माणूस नकळत तिला सनातन करतो.

मोहेंजोदडोच्या गटारात कोण उतरत होते हे सांगता येत नाही. आजच्या गटारात कोण उतरते हे मात्र सर्वांना माहीत आहे. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, दुसरा २०१३ साली झाला. गटारात मरणाऱ्याच्या कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख रुपये ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ माणसे मरत राहिली आहेत. प्राचीन गटारांचे कौतुक शिकवणाऱ्या वर्गात हे सांगायचे नाही, तर कुठे सांगायचे?

मग आम्ही मागची वाक्ये पुन्हा लिहायला घेतली. खुफूच्या पिरॅमिडला सुमारे २३ लाख दगड लागले असावेत, असा अंदाज आहे. ते ओढणाऱ्यांच्या कबरी गिझाजवळ १९९० पासून उजेडात येत गेल्या. तिसऱ्या रामेसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांनी धान्य वेळेवर मिळाले नाही म्हणून काम थांबवले, याची लेखी नोंद आहे. संप हा शब्द ऊसतोडीच्या घरांतली पोरे जाणतात. त्यांना इजिप्त एकदम जवळचा वाटला. मेसोपोटेमियात हम्मुराबीची संहिता वाचली. बरोबरीच्या प्रतिष्ठिताचा डोळा फोडला तर फोडणाऱ्याचाही डोळा फोडावा. खालच्या दर्जाच्या माणसाचा फोडला तर चांदी मोजावी. दुसऱ्याच्या गुलामाचा फोडला तर त्याची निम्मी किंमत द्यावी. एका मुलीने विचारले, "ती किंमत गुलामाला मिळायची का?" हा कायदा 'प्राचीन न्यायव्यवस्था' म्हणून पाठ करणाऱ्याला हा प्रश्न सुचत नाही.

नावांचेही तसेच. मोहेंजोदडोत शाल पांघरलेल्या दाढीवाल्या पुरुषाची मूर्ती मिळाली, तो 'पुरोहित राजा' झाला. हातभर बांगड्या घातलेली, कमरेवर हात ठेवून उभी असलेली मुलगी मिळाली, ती 'नर्तकी' झाली. तिला नाचताना कुणी पाहिले? ही नावे विसाव्या शतकातल्या विद्वानांनी दिली. अंगभर वस्त्र असलेला पुरुष दिसला की सत्ता आठवावी आणि उघड्या अंगाची स्त्री दिसली की नाच आठवावा, ही दृष्टी मातीतून निघालेली नाही. मुरळी, जोगतीण, तमासगिरीण ही नावे ज्यांच्या घरातल्या बायांना चिकटली, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

शुक्रवारी आम्ही आमच्याच जिल्ह्यात आलो. प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण 'सापडल्या' हे पुन्हा कर्ता नसलेले वाक्य झाले. त्या छबू लक्ष्मण भिल्ल या स्थानिक शेतकऱ्याला सापडल्या. मी नाव फळ्यावर लिहिले तेव्हा मागच्या बाकावरचा एक भिल्ल मुलगा, जो वर्षभर क्वचितच बोलला होता, उठून पुढे आला आणि वहीत ते नाव उतरवून घेऊन गेला.

शनिवारी मातीच्या कामांचे प्रदर्शन होते. बुधवारी प्रश्न विचारणाऱ्या मुलाने विटांचे गटार केले होते आणि काठावर वाकलेला एक माणूस. शेजारी वाळूचा ढीग. पाहायला आलेले एक वरिष्ठ म्हणाले, "काम छान आहे, पण तो माणूस काढा. चांगलं दिसत नाही." मी म्हणालो, "साहेब, तो काढला तर गटार तुंबेल." ते काही न बोलता पुढे गेले. माणूस जागेवर राहिला.

एका मातीच्या बाहुल्याने इतिहास बदलत नाही, हे मलाही कळते. तरीही माझ्या शिक्षक मित्रांना एवढीच विनंती आहे. नवे पुस्तक येईल तेव्हा येवो. उद्याच्या तासाला फळ्यावर 'बांधण्यात आले' असे लिहाल, तेव्हा खडू खाली ठेवू नका. कुणी बांधले, हे मुलांना विचारा. ज्याचे उत्तर माहीत नाही तिथे जागा मोकळी सोडा. पण ती जागा आहे, हे मुलांना दिसू द्या.