‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मधील पशुपैदास आणि ‘जात’ ह्या शब्दाचे दोन अर्थ

गेल्या सत्रात एका पदव्युत्तर विद्यार्थ्याची प्रबंधिका तपासण्यासाठी माझ्याकडे आली होती. संगणकावरील खेळांची परिभाषा मराठीत कशी आणावी, हा तिचा विषय. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ ह्या खेळातील पशुपैदाशीचे वर्णन करताना तिच्यात ‘मादी ही जात’ व ‘नर ही जात’ असे शब्दप्रयोग आढळले. मी ते लाल शाईने खोडले आणि समासात ‘लिंग’ असे लिहिले. पुढे मूळ खेळाची रचना तपासून पाहिली, तेव्हा आपली दुरुस्ती घाईची होती, असे ध्यानात आले. मात्र विद्यार्थ्याचा शब्दही स्वीकारार्ह ठरला नाही. ह्या दोन निष्कर्षांची कारणमीमांसा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम खेळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. टार्न अ‍ॅडम्स व झॅक अ‍ॅडम्स ह्या अमेरिकन बंधूंनी २००२ मध्ये त्याच्या रचनेस आरंभ केला. पहिली सार्वजनिक आवृत्ती ऑगस्ट २००६ मध्ये निघाली. न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ मध्ये आपल्या संग्रहासाठी जे पहिले चौदा खेळ निवडले, त्यांत ह्याचा समावेश होता. खुज्या लोकांची एक टोळी डोंगर पोखरून दुर्ग उभारते, शेती करते, जनावरे पाळते. खेळाडू त्यांची कामे ठरवून देतो. डिसेंबर २०२२ मध्ये सचित्र आवृत्ती विक्रीस आली. तोपर्यंत पडदा अक्षरांनी व चिन्हांनीच भरलेला असे आणि कुत्रा म्हणजे रोमन लिपीतील ‘डी’ हे अक्षर असे. भाषेच्या अभ्यासकाला ह्या खेळाचे आकर्षण वाटावे, ते येथूनच.

१. प्राणी म्हणजे एक नोंद

खेळातील प्रत्येक प्राणी साध्या मजकुराच्या धारिकेत नोंदलेला असतो. चौकोनी कंसांतील खुणांची ती एक माळ असते. प्राण्याचे नाव, पिल्लाचे नाव, प्रौढत्वाचे वय, शरीराचे आकारमान, तो चरणारा आहे की नाही, त्याची मादी अंडी घालते की नाही, हे सर्व तीत क्रमाने येते. ह्या नोंदींची घडण पाहून संस्कृत व्याकरणाची आठवण होते. नोंदीच्या मध्ये ‘कास्ट : फीमेल’ अशी खूण आली, की पुढील सर्व गुणधर्म मादीला लागू होतात, ‘कास्ट : मेल’ आली, की नराला, आणि ‘सिलेक्ट कास्ट : ऑल’ आली, की त्यापुढील मजकूर पुन्हा दोघांना मिळून लागू होतो. पाणिनीय परंपरेत अधिकार व अनुवृत्ती ह्यांचे जे कार्य, तेच येथे ह्या खुणांचे आहे. एका प्राण्याच्या खुणा दुसऱ्याकडे नेण्याचीही सोय आहे. तिला अतिदेश म्हणता येईल.

‘कास्ट’ हा शब्द नर-मादी भेदासाठी योजलेला पाहून इंग्रजी वाचकही थबकत असावा. त्याचे मूळ कीटकशास्त्रात शोधावे लागते. मधमाश्यांच्या पोळ्यातील राणी, कामकरी व नर ह्या तीन रूपांस ते शास्त्र ‘कास्ट’ म्हणते. खेळातील मधमाशीच्या नोंदीतही हेच तीन विभाग आहेत. २०१० च्या आवृत्तीत रचनाकारांनी ही कल्पना सर्व प्राण्यांस लावली. त्यामुळे मादी व नर ही सर्वसाधारण जनावरांच्या बाबतीत दोन ‘कास्ट’ ठरली, एवढेच.

२. मीलनावाचून वीण

आता पैदाशीकडे वळू. मादीला पिल्ले व्हावीत, ह्यासाठी त्याच प्राण्याचा प्रौढ नर नकाशावर असावा लागतो. दोघांची भेट घडत नाही. ती चित्रित होत नाही, आणि दीर्घकाळ प्रचलित असलेल्या आवृत्त्यांत तिची आवश्यकताही नव्हती. खेळाडूंनी ह्या प्रकाराला विनोदाने ‘बीजाणूंची पैदास’ म्हटले. खुज्या लोकांना अपत्यासाठी विवाह करावा लागतो. जनावरांना सान्निध्यही लागत नाही. काही काळाने वार्ता उमटते, की अमुक मादी व्याली. कोंबडीसारख्या पक्ष्यांच्या बाबतीत, २०११ च्या आवृत्तीपासून, मादी खुराड्यातील पेटी आपलीशी करते व तीत अंडी घालते. नर उपलब्ध असेल आणि अंडी कोणी उचलून स्वयंपाकघरात नेली नाहीत, तर ती उबून पिल्ले निघतात. त्याच वेळी चरणाऱ्या जनावरांना कुरणाची गरज लावण्यात आली. कुरण अपुरे पडले तर ती उपाशी मरतात. एकाच कुरणात दाटी झाली तर एकमेकांवर तुटून पडतात.

आपल्याकडील गोपालकाच्या शब्दसंग्रहाशी हे ताडून पाहिले, म्हणजे खेळाचे दारिद्र्य स्पष्ट होते. गाय माजावर येते, ती वळूला दाखवली जाते, फळते, गाभण राहते, व्याते. आणि ती कितव्या वेताची, हे विचारल्याशिवाय बाजारात तिचा भाव ठरत नाही. वासरू वाढून कालवड किंवा गोऱ्हा होते, गोऱ्ह्याचा खोंड होतो, आणि त्यापुढे त्याचा बैल करावयाचा की त्याला वळू म्हणून राखावयाचे, हा मालकाचा निर्णय असतो. पैदाशीची प्रत्येक पायरी भाषेने नोंदलेली आहे, कारण प्रत्येक पायरीवर माणसाला काही करावे लागते. खेळात वासरू आहे, आणि एक वर्षानंतर गाय किंवा बैल आहे. खच्चीकरणाची सोय पुढे आली; पण माजापासून वेतापर्यंतचा सारा टापू शब्दशून्य राहिला. हा दोष मानावयास हवा. ज्या खेळात सैनिकाच्या कोणत्या बोटाला जखम झाली हेही लिहिले जाते, त्यात गर्भधारणा मात्र एका अटीची पूर्तता एवढीच उरावी, ही विषमता डोळ्यांत भरते.

३. वाचनातून निवड

परंतु वीण झाल्यानंतर जे घडते, त्यात खेळाचे खरे सामर्थ्य आहे. शरीराची लांबी, उंची व रुंदी ह्यांसाठी नोंदीत सात-सात आकडे दिलेले असतात. बहुतेक पाळीव चतुष्पादांच्या बाबतीत ते ९०, ९५, ९८, १००, १०२, १०५ व ११० असे आहेत. १०० ही मध्यम प्रत. ९० व ११० ह्या कडा. जन्मणाऱ्या पिल्लाचे माप ह्या पट्ट्यात पडते व त्यावर आईबापांच्या मापांचा प्रभाव असतो. रंगाचेही तसेच. खेळाडूला हे आकडे दिसत नाहीत. त्याला जनावराचे शब्दांतील वर्णन वाचावयास मिळते. त्यात ‘अवाढव्य’ ह्या अर्थाचा शब्द आला, तर ते जनावर पैदाशीसाठी राखावयाचे. वर्णन क्षीण असेल, तर ते खाटकाकडे धाडावयाचे. अशा निवडीने काही पिढ्यांत कळपाचे शरीरमान वाढते आणि प्रत्येक जनावरामागे मांसही अधिक मिळते.

म्हणजे येथे पैदास करणारा हा मुख्यतः वाचक आहे. विशेषण वाचून तो वंशाची दिशा ठरवितो. अर्थात सर्वच काही त्याला वाचता येत नाही. २०१४ पासून प्रत्येक प्राण्यास लैंगिक प्रवृत्तीही जन्मतः मिळते. नर-मादी दोन्ही असूनही काही जोड्यांना पिल्ले होत नाहीत, त्याचे एक कारण हे. पण जनावराच्या वर्णनात त्याचा उल्लेख नसतो. मांजरांच्या बाबतीत तर निवडीचा अधिकारच उलटा होतो: मांजर आपला मालक स्वतः निवडते, आणि एकदा ते कुणाचे लाडके झाले, की त्याला खाटकाकडे नेता येत नाही. मांजरांची बेसुमार वाढ ही ह्या खेळातील जुनी थट्टा आहे, तिचे हे कारण.

निवडीला आणखी एक मर्यादा आहे, आणि माझ्या प्रतिपादनाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. अनेक वन्य प्राण्यांची ‘राक्षसी’ रूपे खेळात आहेत. मूळ प्राण्याच्या नोंदीवरून अतिदेशाने ती साधलेली असतात. परंतु हत्तींची पैदास कितीही पिढ्या केली, तरी तीतून ‘राक्षसी हत्ती’ निपजत नाही, आणि त्या दोहोंचा संकरही होत नाही; कारण त्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. अवाढव्य हत्ती व राक्षसी हत्ती ह्यांतील भेद आपणांस व्याकरणातून परिचित आहे. रानातले मांजर आणि रानमांजर ह्यांतील तो भेद होय. पहिल्यात विशेषण आहे, दुसऱ्यात समासाने सिद्ध झालेली संज्ञा. विशेषणे पिढीगणिक बदलता येतात. संज्ञा बदलता येत नाही. खेचर हे ह्याचेच टोकाचे उदाहरण. प्रत्यक्षात गाढव व घोडी ह्यांच्या संकराने ते जन्मते. खेळात ते स्वतंत्र नोंद म्हणून येते, गाढव-घोड्यांपासून उपजत नाही, आणि त्याला प्रजाही होत नाही.

४. ‘कास्ट’ आणि जात

आता मूळ प्रश्न. मराठीत ‘बाईची जात’, ‘पुरुषाची जात’ असे आपण सहज म्हणतो. आंब्याच्या जाती असतात, कुत्र्यांच्या जाती असतात. तेव्हा ‘मादी ही जात’ हा प्रयोग भाषेच्या प्रकृतीला सोडून आहे, असे म्हणता येणार नाही. विद्यार्थ्याचा शब्द खोडण्यात माझी चूक झाली, ती येथे. शब्दांचा प्रवासही त्याच्याच बाजूने साक्ष देतो. इंग्रजी ‘कास्ट’चे मूळ पोर्तुगीज व स्पॅनिश ‘कास्ता’ हे आहे. वंश, वाण, अवलाद असा त्याचा अर्थ. आजही पोर्तुगीजमध्ये द्राक्षांच्या वाणास ‘कास्ता’ म्हणतात. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो शब्द हिंदुस्थानातील जातींना लावला. तेथून तो इंग्रजीत, इंग्रजीतून कीटकशास्त्रात व अखेर ह्या खेळात पोहोचला. वाणाचा शब्द माणसांवरून फिरून पुन्हा जनावरांकडे आला आहे.

व्याकरणपरंपराही ह्या सरमिसळीपासून अलिप्त नाही. अष्टाध्यायीतील ४.१.६३ हे सूत्र जातिवाचक शब्दांच्या स्त्रीप्रत्ययाविषयी आहे. काशिकेत त्याची उदाहरणे म्हणून कुक्कुटी व सूकरी ह्यांच्याच पंक्तीस ब्राह्मणी व वृषली हे शब्द दिलेले आहेत. कोंबडी, डुकरीण आणि माणसाचा सामाजिक दर्जा ह्यांना एकच प्रत्यय लागतो, कारण तिन्ही ‘जाति’ मानल्या गेल्या. व्याकरणाला प्रत्ययाची सिद्धी हवी होती, ती मिळाली. पण शब्दाच्या ह्या व्याप्तीमुळे एक भ्रम पोसला गेला: माणसांतील जात हीही पशूंच्या जातीसारखीच निसर्गसिद्ध आहे, असा.

खेळातील पैदाशीचे नियम ह्या भ्रमाची उकल अभावितपणे करतात. त्यांत दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या आहेत. आईबापांकडून अपत्याकडे जाते ती नोंद: कुत्रीला कुत्र्याचेच पिल्लू होते. ‘कास्ट’ मात्र वारशाने जात नाही. प्रत्येक जन्माच्या वेळी ती नव्याने ठरते. निराळे प्रमाण नोंदीत दिले नसेल, तर समसमान संभवाने. एकाच वेतात नर व मादी दोन्ही निपजतात. खेळात ‘कास्ट’ म्हणजे जे वारशाने मिळत नाही ते. आपल्या समाजात जात म्हणजे जे वारशाखेरीज दुसऱ्या कशानेही मिळत नाही ते. एकाच शब्दाचे हे दोन वापर परस्परांच्या नेमके उलट आहेत.

मग समाजातील जातीचे साम्य खेळातील नोंदीशी मानावे काय? तेही टिकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘कास्ट्स इन इंडिया’ ह्या निबंधात सजातीय विवाह हे जातीचे मर्म असल्याचे दाखविले. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये वंशशुद्धी व सुप्रजनन ह्यांच्या आधारे केले जाणारे जातिव्यवस्थेचे समर्थन त्यांनी खोडून काढले. ह्या प्रतिपादनाच्या प्रकाशात खेळाकडे पाहावे. हत्ती व राक्षसी हत्ती ह्यांचा संकर होऊ नये, म्हणून तेथे कोणी पहारा ठेवलेला नाही. बहिष्कार नाही, प्रायश्चित्त नाही, पंचायत नाही. त्यांची गरजच नाही, कारण तो संकर त्या सृष्टीत संभवतच नाही. निषेधाची गरज तेथेच पडते, जेथे कृती शक्य असते. माणसांच्या जातींभोवती निषेधांचे एवढे मोठे कुंपण शतकानुशतके राखावे लागले, हाच त्या निसर्गसिद्ध नसल्याचा पुरावा होय.

ह्यावरून परिभाषेचा प्रश्न सुटतो. खेळातील प्राण्याच्या नोंदीस ‘प्राणिजाति’ म्हणावे. तिच्या पोटविभागास, म्हणजे मूळच्या ‘कास्ट’ला, ‘रूप’ म्हणावे: मादीरूप, नररूप, कामकरीरूप. मी सुचविलेला ‘लिंग’ हा शब्द अपुरा आहे, कारण राणी व कामकरी दोन्ही माद्याच असून त्यांची रूपे भिन्न आहेत. विद्यार्थ्याचा ‘जात’ हा शब्द रूढीला धरून आहे. परंतु ज्या भाषेत त्या शब्दाने माणसाचे जन्म, विवाह व अंत्यसंस्कार बांधले गेले, तीत तो वारशाने न मिळणाऱ्या गुणासाठी योजणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे होय. प्रबंधिकेच्या समासातील माझा शेरा मी त्याप्रमाणे बदलला आहे.