युरोपाचें बर्फ आणि कादंबरीकार

आर्थर क्लार्क यांची ‘२०१०: ओडिसी टू’ ही कादंबरी १९८२ सालीं प्रसिद्ध झाली. तींत एक चिनी यान गुरूच्या युरोपा या उपग्रहावर पाण्यासाठीं उतरतें, तों बर्फाखालून एक प्राणी वर येऊन त्याचा चुराडा करतो. हा प्रसंग वाचकप्रिय आहे. आम्हांसही तो एके काळीं फार आवडे. हल्लीं पुनः वाचतांना मात्र तेथील बर्फ आम्हांस नाटकाच्या पडद्यासारखें वाटलें; प्राणी रंगभूमीवर येईपर्यंत टांगलेलें.

खरें नाट्य त्या बर्फाचेंच आहे. युरोपा सुमारें ८५ तासांत गुरूला प्रदक्षिणा घालतो. कक्षा किंचित् लांबट, म्हणून गुरूची ओढ सतत कमीजास्त होते आणि कवच वांकतें, भेगाळतें. १९९५ ते २००३ या काळांत गॅलिलिओ यानानें त्या भेगांच्या कांठीं जोडीनें उठलेले बर्फाचे बांध पाहिले. कोनामारा प्रदेशांत तर बर्फाच्या प्रचंड लाद्या तुटून, सरकून, फिरून पुनः गोठल्या आहेत. फुटकी बशी जुळवावी तशा त्या मनांत जुळवितां येतात! विवरें इतकीं विरळ कीं पृष्ठभागाचें वय बहुधा ४ ते ९ कोटी वर्षांपलीकडे नसावें.

हें क्लार्क यांस तेव्हां कोठून कळावें? कबूल, त्यांच्यापुढें १९७९ चीं व्हॉयेजरचीं चित्रेंच होतीं. आमचा आक्षेप अज्ञानावर नाहींच. पुढें सागरतळच्या उष्ण झऱ्यांभोंवतींची जीवसृष्टि त्यांनीं रंगविली आहे. तेथें जीव उपग्रहाच्या घडणींतूनच उगवलेला वाटतो. यानाचा चुराडा करणारा नुसता चालून येतो. वाचकांनीं ह्यास लक्षांत ठेवावें आणि त्या झऱ्यांस विसरावें, याचें आम्हांस वाईट वाटतें.