पैजेची गोष्ट आणि पागेचा हिशेब

भारतीय सर्कशीच्या जन्माची गोष्ट आपल्याकडे अनेकांना पाठ आहे. इटालियन सर्कसवाला च्यारिनी मुंबईत खेळ लावतो. हिंदुस्थानात अशी सर्कस उभी राहायला अजून पुष्कळ अवकाश आहे, अशा अर्थाचे काही बोलतो. विष्णुपंत छत्र्यांना ते जिव्हारी लागते आणि १८८० च्या सुमारास ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहते. पैज किती रुपयांची आणि मुदत किती महिन्यांची, हे सांगणाऱ्यागणिक बदलते. गाभा मात्र एकच राहतो : अपमान, ईर्षा आणि यश.

ही गोष्ट खोटी आहे, असे माझे म्हणणे नाही. माझा आक्षेप ती जे झाकते त्याला आहे. ईर्षेने पैज लागते, धंदा उभा राहत नाही. जनावरांच्या खेळाचा धंदा कशावर उभा राहतो, हे या कथेत येतच नाही. त्यामुळे पुढे सर्कशीतून जनावरे गेली, तेव्हा हळहळ किंवा समाधान यांपलीकडे आपल्याला काही बोलता आले नाही.

खरे तर उत्तर विष्णुपंतांच्या चरित्रातच पडून आहे. ते कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी पागेची व्यवस्था पाहत आणि स्वतः निष्णात घोडेस्वार होते. १७६८ मध्ये लंडनला ज्याने आधुनिक सर्कशीचा पाया घातला, तो फिलिप ॲस्टलीही घोडदळातलाच माणूस. सर्कशीच्या रिंगणाचा व्यास जगभर साधारण ४२ फूट ठरला, तोही घोड्यामुळे. एवढ्या वर्तुळात घोडा एका लयीत दौडत राहिला, तर पाठीवर उभ्या स्वाराला आत झुकून तोल सांभाळता येतो. विदूषक आणि झुले या घोड्याभोवती जमले. वाघ-सिंह तर आणखी उशिरा आले.

तेव्हा आपली पहिली सर्कस पागेतून निघाली, हा योगायोग नव्हे. दाणावैरण, खरारा, नालबंदी, कोणते जनावर कशाला बुजते आणि कोणते किती दिवसांत शिकते, हे ज्ञान आणि ते जाणणारे मोतद्दार संस्थानी पागेत आधीच होते. विष्णुपंतांचे मोठे भांडवल ते. राजाश्रयातली ही विद्या त्यांनी तिकिटाच्या खिडकीपर्यंत नेली. त्यांचे कर्तृत्व मला इथे दिसते, आणि ते पैज जिंकण्यापेक्षा मोठे आहे.

या धंद्याचा दुसरा नियम खर्चाचा. गिरणी बंद ठेवली तर कोळसा वाचतो, नाटक कंपनीला पावसाळ्यात मुक्काम करता येतो. जनावर मात्र खेळ असो वा नसो, रोज खाते. एका हत्तीला दिवसाला शंभर-दीडशे किलो चारा लागतो. म्हणून सर्कस सतत हिंडती राहिली आणि खेळांची संख्या वाढत गेली. हत्तीने स्टुलावर बसायचे आणि तंबूचे खांबही ओढायचे, असा दुहेरी कामाचा रिवाजही यातूनच आला. क्रौर्याचा उगम केवळ चाबूकवाल्याच्या स्वभावात शोधणे म्हणून अपुरे आहे. त्याची मुळे या हिशेबातही आहेत.

आपल्या लेखनात हा हिशेब कसा नाहीसा होतो, त्याचे एक उदाहरण संगीताच्या इतिहासात सापडते. हद्दू खाँ हे विष्णुपंतांचे गायनगुरू, आणि त्यांचे पुत्र रहिमत खाँ विष्णुपंतांच्या आश्रयाने सर्कशीबरोबर फिरत. छत्र्यांच्या या औदार्याबद्दल रसिकांनी भरभरून लिहिले, आणि ते योग्यच आहे. पण त्या गाण्याचा खर्च रिंगणात धावणाऱ्या घोड्यांच्या कमाईतून निघत होता, हे वाक्य मला फारसे कुठे आढळले नाही.

छत्र्यांमागून देवल, कार्लेकर, शेलार अशा मराठी सर्कशी आल्या. शेलारांचे भाचे दामू धोत्रे अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सपर्यंत पोहोचले. त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘वाघ-सिंह माझे सखेसोबती’. त्या नावातली माया मी खरी मानतो. पण सख्याला उठून जाता येते आणि सोबत्याला नको म्हणता येते. पिंजऱ्यातल्याला दोन्ही शक्य नाही. मायेची खात्री पटली तरी हा प्रश्न सुटत नाही.

कायद्याने तो आपल्या परीने सोडवला. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याखाली १९९८ मध्ये अधिसूचना निघाली आणि अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांच्या खेळांवर बंदी आली. सर्कसवाले न्यायालयात गेले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. घोडा त्या यादीत नव्हता. आज कोणी घोडा-कुत्र्यांचे खेळ सुरू करू म्हटले, तर आधी जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. १८८० मध्ये जो प्रश्न मालकाच्या मर्जीचा होता, तो आता सार्वजनिक झाला आहे. मला हे बरोबर वाटते.

तरीही बंदीनंतरच्या दोन्ही सुरांत मला तीच जुनी त्रुटी ऐकू येते. वारसा बुडाला म्हणणारे त्या वारशाची किंमत कोणी मोजली ते सांगत नाहीत. सुटका झाली म्हणणारे, पिढ्यान्‌पिढ्या जनावरांची नाडी जाणणाऱ्या राखणदारांचे पुढे काय झाले, हे विचारत नाहीत. सर्कशीतले वाघ-सिंह विशाखापट्टणम, तिरुपती, बन्नेरघट्टा इथल्या बचाव केंद्रांत गेले. त्यांची पैदास होऊ द्यायची नाही, असे धोरण ठरले. ते धोरण समजण्यासारखे आहे, कारण जंगलात त्यांना जागा नव्हती आणि रिंगणातली आपण काढून घेतली होती. त्यांच्याबरोबर त्यांचा वंश संपणार होता.

विष्णुपंतांचे नवे चरित्र कोणी लिहायला घेतले, तर त्याने पैजेचे प्रकरण जरूर ठेवावे. मात्र त्याशेजारी पागेचेही एक प्रकरण असावे. घोडे किती होते, ते काय खात, त्यांना कोण सांभाळी आणि थकल्यावर ते कुठे जात, हे त्यात यावे. संस्थानी दप्तरांत दाणावैरणीचे खर्च लिहिलेले असत. शोध तिथून सुरू करता येईल.