शिस्त आणि धाक

क्रीडेचा विषय या पृष्ठांवर आला म्हणजे काही वाचकांच्या कपाळास आठी पडते, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या अमरावतीने १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था जोपासली, तेथील वाचकास शरीराची शिस्त हा शिक्षणाचाच भाग आहे हे निराळे सांगावयास नको. म्हणून श्री. चंद्रकांत पंडित यांच्या गुरुपणाचे परीक्षण येथे योजिले आहे.

पंडित हे मुंबईचे यष्टिरक्षक व फलंदाज. भारताकडून त्यांच्या वाट्यास अवघे ५ कसोटी व ३६ एकदिवसीय सामने आले. पुढे ते मध्य प्रदेशाचे कर्णधार झाले. १९९९ साली बंगळुरास रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने पहिल्या डावात आघाडी घेतली, आणि तरीही सामना कर्नाटकाने जिंकला. हातातोंडाशी आलेला घास गेला. खेळाडू म्हणून त्यांची गणना पहिल्या पंक्तीत कोणी करणार नाही. परंतु जो स्वतः सहज मोठा झाला नाही, त्यास मोठे होण्याची वाट पावलापावलाने ठाऊक असते.

मार्गदर्शक म्हणून त्यांनी मुंबईस २००२-०३, २००३-०४ व २०१५-१६ या हंगामांत करंडक मिळवून दिला. मुंबईस जिंकण्याची सवयच आहे, असे कोणी म्हणेल, व ते खोटे नव्हे. खरी कसोटी लागली ती विदर्भात. १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत उतरणारा हा संघ कैक हंगाम खालच्या ‘प्लेट’ गटात रखडला होता. आम्हां वऱ्हाडकरांस तर पराभवाची इतकी सवय जडली होती की, वर्तमानपत्रातील निकाल आम्ही शोधीतही नसू. पंडित २०१७ साली आले. त्या हंगामात उपांत्य सामना कर्नाटकाविरुद्ध अवघ्या ५ धावांनी जिंकून संघ इंदुरास पोहोचला, आणि १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीस ९ गडी राखून त्याने हरविले. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात सलग तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. अकोल्याच्या आदित्य ठाकरे या एकोणीस वर्षांच्या मुलास प्रथम श्रेणीतील पहिलाच सामना खेळावयास मिळाला, तो हाच अंतिम सामना! अशा प्रसंगी नवख्यावर विश्वास टाकणारा गुरू केवळ कडक असतो, असे कसे म्हणावे?

मात्र सर्व श्रेय एकट्या पंडितांस देणे हा अन्याय होईल. नागपुरातील अकादमीचे काम त्यांच्या आधीपासून चालू होते. सुब्रतो बॅनर्जी गोलंदाजांस घडवीत होते. वसीम जाफर व गणेश सतीश हे बाहेरून आलेले अनुभवी फलंदाज पाठीशी होते. कर्णधार फैज फजल याने संघ मुठीत नव्हे, तर मायेत धरला होता. पेरणी अनेकांची, पंडितांनी वेळेवर राखण केली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्यांची शिस्त लष्करी थाटाची, असे सर्वत्र बोलले जाते. कोलकात्याच्या आयपीएल संघात तिच्याविषयी एका परदेशी खेळाडूने पुढे उघड नाराजी दर्शविली. त्या संघाने २०२४ साली विजेतेपद मिळविले खरे, पण त्याचे श्रेय लोकांनी बहुतांशी गौतम गंभीर यांस दिले. २०२५ मध्ये संघ आठव्या स्थानी राहिला व पंडित दूर झाले. होतकरू मुलांस जी शिस्त आधार वाटते, तीच प्रौढांस जाच वाटते. ही मर्यादा पंडितांनी ओळखली, असे आम्हांस दिसत नाही.

मग त्यांचे मोल कशाने करावे? करंडकांच्या संख्येने नव्हे. २०१८-१९ मध्ये विदर्भाने करंडक राखला. २०२२ साली त्याच बंगळुरास मध्य प्रदेशाने मुंबईस नमवून पंडितांचे जुने शल्य काढले. पण आमच्या मते खरे प्रमाण २ मार्च २०२५ चे आहे. त्या दिवशी केरळाविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. मार्गदर्शक होते विदर्भाकडूनच खेळलेले उस्मान गनी. इंदुरास १३३ धावा काढणारा अक्षय वाडकर आता कर्णधार होता, आणि दानिश मालेवार, हर्ष दुबे ही पंडित गेल्यानंतर पुढे आलेली मुले होती. गुरू निघून गेला, शिस्त राहिली. ती आता धाकाची नव्हती, सवयीची होती.

अमरावती-अकोल्याच्या घरांतून आज कितीतरी मुले सकाळी पिशवी खांद्यास लावून मैदानावर जातात. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून खेळल्यापासून तर पालकांचा उत्साह दुणावला आहे. ‘सर फार कडक आहेत’ हे वाक्य ते कौतुकाने बोलतात. त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे : सर नसतील त्या सकाळी मुलगा आपण होऊन उठतो की नाही, हे पाहावे. उठत असेल तर गुरू चांगला मिळाला. नसेल तर नुसता धाक पदरी पडला.