राजपथ आणि लोकपथ : एका आत्मचरित्राचा विचार

विवाहसमयी सुनेचे नाव बदलण्याची आपली रूढी एखाद्या चरित्रात केवढा अर्थ धारण करते, हे विजयाराजे शिंदे यांच्या आत्मकथनावरून ध्यानात येते. नेपाळमधून हद्दपार होऊन सागर येथे स्थायिक झालेल्या खड्ग शमशेर राणांच्या त्या नात. जन्म १९१९ चा. माहेरचे नाव लेखा दिव्येश्वरी. १९४१ साली जिवाजीराव शिंद्यांशी विवाह होऊन त्या ग्वाल्हेरच्या मराठी घराण्यात आल्या. परमुलखातून आलेल्या घराण्याची ही कन्या पुढे सासरच्या मुलखाची लोकप्रतिनिधी झाली.

हे आत्मकथन कादंबरीकार मनोहर माळगावकरांच्या साहाय्याने १९८५ मध्ये 'प्रिन्सेस' या नावाने इंग्रजीत आले. हिंदीत मृदुला सिन्हा यांच्या संपादनाने ते 'राजपथ से लोकपथ पर' झाले. एक शीर्षक कुळाचा निर्देश करते, दुसरे प्रवासाचा. यांपैकी खरे कोणते मानावे, हा आमच्या मते या ग्रंथाच्या परीक्षणातील मुख्य प्रश्न होय.

हिंदी शीर्षकातून असे सूचित होते की एक मार्ग सुटला व दुसरा धरला. परंतु १९५७ चे गुणे, १९६२ चे ग्वाल्हेर, १९७१ चे भिंड हे तिन्ही मतदारसंघ जुन्या ग्वाल्हेर संस्थानच्या भूमीतलेच. तेथे लोकांनी मत दिले ते उमेदवारास की गादीच्या सुनेस, हे कोणी वेगळे करून दाखवावे? १९८० मध्ये रायबरेलीस इंदिरा गांधींसमोर त्या उभ्या राहिल्या, तेथे गादीचा आधार नव्हता आणि पराभव पदरी आला.

तथापि एवढ्यावरून निकाल देणे अन्यायाचे होईल. १९६७ मध्ये द्वारकाप्रसाद मिश्रांचे मंत्रिमंडळ पाडण्यात पुढाकार त्यांचा. पण मुख्यमंत्रिपदी बसले गोविंद नारायण सिंह. आणीबाणीत त्या तिहारच्या तुरुंगात होत्या. मते वारशाने मिळू शकतात. तुरुंगवास तसा मिळत नाही. लोकपथाचा दावा सिद्ध होतो तो येथे.

ग्रंथाची एक मर्यादा मात्र नमूद केली पाहिजे. संस्थानी जीवनावर 'द प्रिन्सेस' ही कादंबरी १९६३ मध्ये लिहिणाऱ्या सिद्धहस्त लेखकाचे साहाय्य लाभल्यावर कथन रेखीव होणारच. परंतु शब्द कोणाचा व अनुभव कोणाचा, ही शंका वाचकाच्या मनातून जात नाही. शिवाय ज्या घराची भाषा मराठी, त्या घरच्या सुनेची कहाणी आम्हांस परभाषेतून वाचावी लागते, याची खंत वाटते.

आम्हां ग्वाल्हेरकरांस राजवाड्याविषयी भक्ती असते, नाहीतर अढी. दोन्ही बाजूस ठेवून वाचणे सोपे नाही. आमच्या शिक्षकबंधूंस एवढेच सुचवावेसे वाटते की, वरच्या वर्गांत हा ग्रंथ चर्चेस घेताना जुन्या संस्थानचा नकाशा शेजारी ठेवावा आणि निवडणुकांची गावे विद्यार्थ्यांकडूनच त्यावर शोधून घ्यावीत. दोन शीर्षकांपैकी कोणते स्वीकारावे, याचा निर्णय मग त्यांनीच करावा.